चेलो शिकायचाय? पालक आणि मोठे विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

मी चेलो शिकवते, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य. चौकशीचे फोन येतात, त्यांत प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वाद्य विकत घेण्याआधी वाचाल तर जास्त उपयोग होईल. घेऊन झालं असेल, तर खरेदीबद्दलचा प्रश्न जरा जपून वाचा.

मूल किती वर्षांचं झालं की सुरुवात करावी?

चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू करणारी मुलं जगभर आहेत. प्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी चौथ्या वर्षी चेलो हातात घेतला. उलट पाब्लो कासाल्स चेलोकडे वळले ते अकराव्या वर्षी, आणि विसाव्या शतकातले सगळ्यांत मोठे चेलोवादक म्हणून त्यांचंच नाव घेतात. म्हणजे वयाच्या आकड्यात अडकू नका.

मी स्वतः सहा-सात वर्षं सोयीचं वय मानते. मूल स्टुलावर दहा मिनिटं स्थिर बसतं का, आणि "कोपर जरा वर घे" असं सांगितलं की रडायला न लागता ते करून बघतं का, एवढंच मी पाहते. त्याहून लहान मुलाला घेते, पण मग आई, बाबा किंवा आजोबा असं कुणीतरी प्रत्येक तासाला शेजारी बसलं पाहिजे, आणि बसल्यावर मोबाइल पिशवीत राहिला पाहिजे.

माझं वय पंचेचाळीस आहे. उशीर झाला का?

ऑर्केस्ट्रात नोकरी करायची असेल तर झाला. आवडीची गाणी सुरात वाजवणं, बाखच्या सोप्या रचना वाजवणं, चार जणांत बसून वाजवणं यासाठी नाही झाला.

मोठ्यांची अडचण बोटांची नसते, कानाची असते. आयुष्यभर चांगलं संगीत ऐकलेलं असतं, त्यामुळे स्वतःचा पहिल्या महिन्यातला आवाज सहन होत नाही. सात वर्षांच्या मुलाला तो करकरीत आवाज फार मजेशीर वाटतो. मोठी माणसं त्या आवाजाला घाबरून बो, म्हणजे गज, हलकेच, चोरून फिरवतात, आणि तसं केलं की तो आणखी खरखरतो. तार नीट पकडण्याएवढं वजन हातातून बोमध्ये गेलंच पाहिजे. हा धीर यायला वेळ लागतो. मोठ्यांच्या जमेची बाजू म्हणजे सांगितलेलं का करायचं हे त्यांना लगेच समजतं आणि फीचे पैसे स्वतःच्या खिशातून गेलेले असतात.

खांदा आखडलेला असेल, मानेचा त्रास असेल किंवा बोटांचे सांधे सुजत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगा. बसण्याची पद्धत त्यानुसार बदलता येते. दुखत असताना रेटून वाजवू नका. तारेमुळे बोटांची टोकं पहिले काही आठवडे हुळहुळतात, ते चालतं. मनगट, अंगठा किंवा खांदा दुखला तर काहीतरी चुकतंय.

व्हायोलिन बरं की चेलो?

आवाज कुठला आवडतो तो निवडा. बाकी फरक सांगते. चेलोच्या चार तारा खालून वर सी, जी, डी, ए अशा लावतात. ए २२० हर्ट्झला, सी साधारण ६५ हर्ट्झला. पुरुषाच्या भारदस्त आवाजाचा पल्ला जवळपास यातच येतो. वाद्य मांडीशी टेकून उभं राहतं, त्यामुळे व्हायोलिनसारखी मान वळवून हनुवटीखाली धरण्याची कसरत नसते आणि बसणं नैसर्गिक वाटतं. सुरुवातीचा आवाजही व्हायोलिनच्या सुरुवातीच्या आवाजापेक्षा घरच्यांना सुसह्य असतो. हे व्हायोलिन शिकवणारे माझे मित्रही मान्य करतात, अर्थात खासगीत.

तोटे? वाद्य मोठं, महाग, न्यायला अवघड आणि शिक्षक कमी. चेलोवर सूर एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे डावा हात वर-खाली खूप सरकतो. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही, तिसऱ्या वर्षी जाणवतं.

मुलासाठी कोणत्या मापाचा चेलो घ्यायचा?

मापं १/८, १/४, १/२, ३/४ आणि ४/४ अशी येतात, याहून लहानही असतात. हे अपूर्णांक नावापुरते आहेत. अर्धा चेलो पूर्ण चेलोच्या निम्म्या लांबीचा नसतो. पूर्ण मापाच्या चेलोची पेटी सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असते. ढोबळ हिशेब असा: पाच ते सात वर्षांच्या मुलाला पाव, आठ ते दहाला अर्धा, अकरा-बाराला पाऊण, आणि उंची पाच फुटांच्या आसपास गेली की पूर्ण. लहान चणीच्या मोठ्या माणसांसाठी ७/८ मापही मिळतं.

पण माप वयावर ठरवू नका, मुलाला वाद्याशी बसवून ठरवा. डाव्या हाताची चार बोटं ताण न घेता आपापल्या जागी पडायला हवीत. "वाढत्या अंगाचा आहे, एक माप मोठं घेऊन ठेवू" हा हिशेब गणवेशाला ठीक. चेलोला तो लावला की मुलाचा हात ताणला जातो आणि सूर कायम थोडा खाली लागतो. ती सवय नंतर मोडायला वर्षं जातात.

वाद्य विकत घ्यावं की भाड्याने? ऑनलाइन स्वस्त दिसतात, ते कसे?

आधी शिक्षक, मग वाद्य. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते मी वारंवार पाहते: चकचकीत लाल रंगाचा चेलो घरी येतो आणि त्यावर शिकवता येत नाही. खुंट्या फिरत नाहीत किंवा फिरल्या तर ठरत नाहीत, तारा फिंगरबोर्डपासून (तारांखालची पट्टी, जिच्यावर बोटांनी तार दाबतात) इतक्या उंच की लहान मुलाने दाबायच्या कशा, ब्रिज, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी घोडी, कारखान्यातून आला तसाच, न घासलेला. मूल कंटाळतं आणि घरचे म्हणतात, याला संगीतात रस नाही.

आपल्याकडे भाड्याने चेलो देणारी दुकानं कमी. काही संस्था आणि शिक्षक मात्र आपल्याकडची लहान मापं विद्यार्थ्यांना वापरायला देतात, नाहीतर मोठ्या झालेल्या मुलाचा चेलो पुढच्या मुलाकडे जातो. लहान मापांसाठी हा मार्ग सर्वांत चांगला, कारण मूल दोन-तीन वर्षांत ते माप ओलांडतं. नवीनच घ्यायचा असेल तर शिक्षकांना बरोबर न्या किंवा निदान फोटो आणि व्हिडिओ दाखवा. पाहायचं काय, तर वरचा भाग स्प्रूसचा आणि मागचा मेपलचा खरा लाकडी आहे की प्लायवूड, फिंगरबोर्ड एबनीचं, म्हणजे काळ्या टणक लाकडाचं, आहे की काळा रंग फासलाय, आणि बो डोळ्यासमोर धरून पाहिला तर सरळ दिसतो का. सुरुवातीला प्लायवूडची पेटीही चालते, किंबहुना आपल्या हवेत ती जास्त टिकते. खुंट्या, ब्रिज आणि तारा नीट बसवलेल्या हव्यात, त्यात तडजोड नको.

खर्च मोजताना फक्त वाद्याची किंमत धरू नका. चांगल्या तारांचा एक संच व्हायोलिनच्या संचापेक्षा कितीतरी महाग पडतो. बोचे केस वेळोवेळी बदलावे लागतात. पिशवी, रोझिन (बोच्या केसांना लावायची राळ), एंडपिन (वाद्य जमिनीवर टेकवणारी सळई) घसरू नये म्हणून पट्टा, एक दणकट स्टूल आणि सेटिंग करून घेण्याची मजुरी यांसाठी वेगळे पैसे काढून ठेवा.

शिक्षक कुठे मिळतील?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, त्याची स्वतःची संगीत अकादमी आहे. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन अनेक वर्षं मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवतं. मेहली मेहता म्हणजे १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे व्हायोलिनवादक, झुबिन मेहतांचे वडील. गोव्यात पणजीची कला अकादमी आहे, शिवाय चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांना तंतुवाद्यं शिकवतं. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे मात्र ओळखीपाळखीनेच शोधावं लागतं. चर्चमधले वादक आणि व्हायोलिनचे शिक्षक यांना विचारलं की बहुधा धागा सापडतो.

पहिल्या भेटीत विचारा: तुम्ही स्वतः चेलो वाजवता का? हा प्रश्न उद्धट वाटेल, पण विचारा. व्हायोलिन किंवा गिटार शिकवणारे "तंतुवाद्य ते तंतुवाद्य" म्हणून चेलोही शिकवायला घेतात. व्हायोलिनवर शेजारच्या दोन बोटांत बऱ्याचदा पूर्ण स्वराचं अंतर असतं, चेलोच्या पहिल्या पोझिशनमध्ये (डाव्या हाताची सुरुवातीची जागा) अर्ध्या स्वराचं. हाताची ठेवणच निराळी. काही प्रश्न विचारल्यावर शिक्षक वाद्य काढून वाजवून दाखवतात का, तेही पाहा.

ऑनलाइन शिकता येतं का?

नुसतं ऑनलाइन वर्षभरानंतर, हो. पहिले काही तास तरी समोरासमोर हवेत, कारण अंगठा किती दाबला जातोय हे स्क्रीनवर दिसत नाही. गाव लांब असेल तर महिन्यातून एक प्रत्यक्ष तास आणि मधले ऑनलाइन असं जमवा. कॅमेरा समोर न ठेवता थोडा उजवीकडे ठेवा, म्हणजे बो ब्रिजला समांतर जातोय का ते कळतं. बरोबरीने वाजवणं मात्र इंटरनेटवर जमत नाही, आवाज पोचायला वेळ लागतो.

जूनमध्ये क्लास सुरू केला तर गणपतीत आरती वाजवेल ना?

हा प्रश्न आजी-आजोबांकडून येतो आणि मला त्याची थोडी धास्ती आहे.

जूनपासून गणपतीपर्यंत जे होतं ते असं. आधी बसणं: स्टूल अशा उंचीचं की गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली, पाय जमिनीवर सपाट, वाद्य छातीला टेकलेलं पण दोन्ही हात सुटे. मग बो धरणं. अंगठा वाकलेला, बोटं सैल, मनगट मोकळं. त्यानंतर नुसत्या मोकळ्या तारांवर बो सरळ ओढणं. डावा हात काहीच करत नाही. बघणाऱ्याला वाटतं, तीन आठवडे झाले आणि पोरगं एकच सूर वाजवतंय. पण चेलोचा आवाज उजव्या हातात आहे. बोचा वेग, त्याचं वजन आणि ब्रिजपासूनचं अंतर, या तिन्हींचा मेळ बसला की मोकळी तारसुद्धा खोली भरून टाकते. हा पाया घाईत उरकलेली मुलं दोन वर्षांनी माझ्याकडे येतात तेव्हा गाणी पंचवीस येत असतात आणि आवाज एकाही गाण्यात नसतो.

डावा हात नंतर येतो. डी तारेवर मोकळी तार, पहिलं बोट, तिसरं, चौथं असे डी मेजर या पाश्चात्त्य सप्तकाचे पहिले चार सूर, आणि त्याच बोटांनी ए तारेवर वरचे चार. जपानी संगीतशिक्षक शिनिची सुझुकींच्या पद्धतीत याच सुरांवर एका छोट्या बालगीताची वेगवेगळ्या तालांतली रूपं वाजवून घेतात, ती महिनोन्‌महिने चालतात. फिंगरबोर्डवर जागा दाखवायला बारीक पट्ट्या चिकटवल्या तर हरकत नाही, पण कान तयार झाला की काढा.

तर आरती? पहिल्या वर्षी तिचं ध्रुवपद, सावकाश, बहुधा जमेल. पुढच्या वर्षी सगळी. आजीला सांगा, तोवर टाळ तिच्याच हातात राहू देत.

रोज किती वेळ सराव?

लहान मुलांना पंधरा-वीस मिनिटं, मोठ्यांना अर्धा तास. आठवड्यातून पाच दिवस तरी. रविवारी एकदम दोन तास बसून भरपाई होत नाही, फक्त पाठ दुखते. वाद्य पिशवीत बंद असेल तर सराव टळतो, म्हणून सुरक्षित कोपऱ्यात, उशीच्या आधाराने आडवं कुशीवर ठेवा, हाताशी राहील. खुर्चीला टेकवून उभं ठेवू नका. ते पडतंच.

आम्हाला संगीतातलं काहीच कळत नाही. घरी सराव कसा घेणार?

कळायची गरज नाही. तासाला सांगितलेल्या दोन गोष्टी वहीत लिहा आणि घरी त्या दोनच पाहा. सूर चुकला की लगेच "चुकलं" म्हणू नका. मूल स्वतः ऐकून बोट सरकवतं का याची वाट पाहा, तो त्याच्या शिकण्याचा सर्वांत मोलाचा क्षण असतो. आणि पाहुणे आले की "काकांना वाजवून दाखव" हे शक्यतो टाळा.

मुलगी गाणं शिकते, सरगम येते. उपयोग होईल का?

खूप. चेलोवर पडदे नाहीत, सूर कानानेच शोधायचा असतो, आणि तानपुऱ्यासोबत गायलेल्या मुलांचा कान तयार असतो. त्यांना मी तारा अशा समजावते: प्रत्येक तार तिच्या आधीच्या तारेचा पंचम. सी ला सा धरला तर जी पंचम, जी ला सा धरला तर डी पंचम. दोन मिनिटांत कळतं. गोंधळ होतो तो पाश्चात्त्य नोटेशनशी, कारण तिथे सूर ठरलेले असतात, आपला सा मात्र हलतो. बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांची स्वरलिपी, वाचायला शिकणं तरीही टाळू नका. ज्यांनी टाळलं ते चार जणांत बसून वाजवू शकत नाहीत आणि चेलोची निम्मी मजा तिथेच आहे.

चेलोवर रागदारी वाजवता येते का?

येते, आणि फार सुंदर येते. पडदे नसल्याने मींड अखंड निघते, आणि खर्जात चेलोइतका भरीव आवाज फार थोड्या वाद्यांना आहे. मूळच्या अमेरिकन नॅन्सी लेश यांनी झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर धृपद वाजवलं. मूळच्या नेदरलंड्सच्या, दिल्लीत स्थायिक झालेल्या सास्किया राव-द हास यांनी तर बैठकीसाठी वाद्यच बदलून घेतलं: आकार लहान, वाजवायच्या पाच तारा आणि खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफा, म्हणजे जमिनीवर बसून वाजवता येतं. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतही चेलो जुना आहे. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती मूळचे चेलोवादकच.

माझं मत असं की आधी दोन-तीन वर्षं पाश्चात्त्य पद्धतीने हात बसवावा, मग रागाकडे वळावं. सोबत गाण्याचा क्लास चालू असेल तर उत्तमच. गळ्यातून न गेलेली मींड चेलोवर नुसतं बोट घसरल्यासारखी वाटते.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण जुलैत सगळ्यांचे फोन येतात.

दमट हवेत लाकूड फुगतं. खुंट्या घट्ट बसतात, ब्रिज आणि फिंगरबोर्ड यांच्यातलं अंतर बदलतं, तारा उंच वाटायला लागतात. बोचे घोड्याचे केस ओलाव्याने लांबतात, त्यामुळे स्क्रू कितीही आवळला तरी ताण येत नाही. जोर लावू नका, स्क्रूचे आटे जातील. डिसेंबरच्या कोरड्या हवेत नेमकं उलट: खुंट्या सुटतात, केस आखडतात आणि बो सैल न करता ठेवला तर त्याची काठी वाकडी होते. वाजवून झाल्यावर बो सैल करायचा, बाराही महिने.

पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर काही दिवसांनी बदला किंवा तापवून कोरड्या करा. वाद्य बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका, एसीच्या झोतातही नको. मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच नको. पिशवी महिनोन्‌महिने उघडली नाही तर केसांना कीड लागते, म्हणून सुट्टीतही अधूनमधून उघडून हवा लागू द्या.

कडेची शिवण, म्हणजे पाटी आणि कड यांचा जोड, उघडली तर घाबरू नका. चेलो प्राणिज सरसाने जोडतात आणि तो मुद्दामच फार पक्का नसतो. लाकूड आक्रसलं तर तडा जाण्याऐवजी शिवण सुटावी, अशी ती योजना आहे. दुरुस्त करणारा ती सहज पुन्हा जोडतो. पण घरी फेव्हिकॉल लावून ठेवलात तर तोच कारागीर कपाळावर हात मारेल.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला!

तो साउंडपोस्ट, वरच्या आणि खालच्या पाट्यांमध्ये नुसत्या दाबाने उभा असलेला लाकडी खांब. चिकटवलेला नसतो, तसाच ब्रिजही. म्हणून चारही तारा एकदम कधी सोडू नका. तारा बदलताना एकेक बदला. खांब पडला असेल तर तारा सैल करा, कारण आधार नसताना ताणामुळे वरची पाटी चिरू शकते, आणि वाद्य दुरुस्तीला न्या.

दुसरी एक तक्रार मोठ्या मापाच्या चेलोवर येते: एफच्या आसपास एक सूर थरथरतो, अडखळतो. त्याला वुल्फ नोट म्हणतात. वाद्याच्या पेटीची स्वतःची कंपनं त्या सुराशी भांडतात. ब्रिजखाली तारेवर एक छोटी पितळी नळी बसवली की बराच फरक पडतो. चांगल्या चेलोंनाही हा गुण असतो, तेव्हा दुकानदाराशी वाद घालू नका.

सोसायटीत तक्रार येईल का?

खालच्या मजल्यावरून येऊ शकते, कारण एंडपिनमधून कंपनं थेट फरशीत जातात. जाड सतरंजी किंवा रबरी मॅट घाला, ब्रिजवर रबरी म्यूट लावा, आणि दुपारी दोन ते चार ही वेळ सोडा. पुण्यात तरी हे वेगळं सांगायला नको.

परीक्षा द्याव्यात का?

एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा भारतात होतात, आठव्या श्रेणीपर्यंत. एबीआरएसएममध्ये सहाव्या श्रेणीपासून पुढच्या परीक्षांना थिअरीची पाचवी श्रेणी किंवा तिला समकक्ष काही लागतं, ट्रिनिटीत तशी अट नाही. परीक्षेमुळे मुलं तीन रचना नीट बसवतात, हे खरं. पण वर्षभर त्या तीनच वाजवणारं मूल संगीत शिकत नाही. मोठ्यांना परीक्षा हवी असेल तर द्यावी, नको असेल तर कुणी मागे लागलेलं नाही.

आम्ही अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहतो. वेगळं काही?

वाद्याची चिंता निम्मी होते. तिथे भाड्याने चेलो सहज मिळतो आणि मूल वाढलं की माप बदलून देतात. अमेरिकेत बऱ्याच शाळांत चौथी-पाचवीपासून तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा असतो. शाळेतला गट आणि बाहेरचा एक वैयक्तिक तास अशी जोडी ठेवा.

प्रवासात कसा न्यायचा?

पूर्ण चेलो केसशिवाय साधारण चार फूट लांब आणि तीन-साडेतीन किलोचा असतो, कडक केसमुळे वजन दुप्पट होतं. रिक्षात तुमच्याशेजारी तिरका बसतो, एंडपिन आत घालून. स्कूटरवर पाठीला लावून नेणारे दिसतात, मला ते बघवत नाही. विमानात सामानात टाकू नका. चेलोसाठी खिडकीजवळची वेगळी सीट घ्यावी लागते आणि ते विमान कंपनीला तिकीट काढतानाच सांगावं लागतं. लहान मापाचा चेलो असेल तर जिथे जाताय तिथेच कुणाचा तरी उसना मिळतो का पाहा.

पहिल्या तासाला काय आणायचं?

वही, पेन्सिल, डाव्या हाताची कापलेली नखं. पाय फाकवून बसता येईल असे कपडे, म्हणजे आखूड स्कर्ट नको. शर्टाला मोठी धातूची बटणं नकोत, वाद्याच्या पाठीवर चरे पडतात. लांब कानातले आणि साखळी घरी ठेवा. चेलो आणू नका, माझ्याकडे निरनिराळ्या मापांचे आहेत, बसवून पाहू आणि मग ठरवू. चपला बाहेर, आणि येताना दहा मिनिटं लवकर या, कारण आधीचा विद्यार्थी वाजवत असेल तो ऐकता येईल.